पांढरा हात

पांढरकवड्याहून निघालेल्या ट्रकच्या मागे थोडा वेळ राहिलं, की धम्मरत्न पेंटरची बरीचशी कामगिरी वाचून होते. मोर त्याचा, कमळ त्याचं, आणि खाली तिरप्या अक्षरांत "फिर मिलेंगे" तेही त्याचंच. कोपऱ्यात बारीक सही: धम्मा आर्ट. मोर काढताना त्याचा हात इतका सैल सुटायचा, की पिसारा कधी कधी नंबरप्लेटवर जायचा आणि ड्रायव्हरला चेकपोस्टवर मोराबद्दल खुलासा द्यावा लागायचा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. दूरदूरच्या टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन हात जोडून जात होती, आणि 'पॅकेज' हा शब्द लहान पोरंही खेळात वापरू लागली होती. शेतातला कापूस जितका बसत गेला, तितका भिंतीवरचा फुलत गेला. बियाण्याची एक कंपनी गेली की दुसरी यायची, आणि धम्मा शिडी घेऊन निघायचा. त्याच्या भिंतीवरचं बोंड नारळाएवढं आणि शेतकऱ्याचे दात बोंडाहून पांढरे. वळसा घालून त्याच घराच्या मागच्या भिंतीवर सरकारसाठी तोच लिहायचा, "खचू नका, मन मोकळं करा." पुढून भरघोस उत्पादन आणि मागून खचू नका. दोन्हीकडे अक्षर मात्र एकाच वळणाचं.

"तुमाले हसू नाई येत का लिहताना?" त्याची बायको दीपमाला विचारायची.

"येते ना. पण शिडीवर हसलो तं पडीन."

धम्माच्या धंद्याचं सारं तत्त्वज्ञान एका डब्यात मावत होतं. पांढऱ्या रंगाच्या. चुकलेलं अक्षर असो, पडलेला उमेदवार असो, एक पांढरा हात मारला की भिंत कोरी. बाजारातल्या एका पाटीवर 'बंधू' होते. भावाभावांत वाजलं. धम्माने दुपारी एक हात मारला, संध्याकाळी 'बंधू' गेले आणि 'अँड सन्स' आले. सन्स अजून झाले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

सदाशिवरावांच्या घराची बाजूची भिंत हायवेला अशी उघडी होती, की बांधणाऱ्याने जाहिरातीचाच विचार केला असावा. सदाशिवराव जुने कास्तकार, घरची कापसाची शेती. अंगात पांढरी बंडी, बोलणं मोजकं. धम्माला ते 'पेंटर' म्हणायचे आणि चहा न चुकता पाठवायचे. तो यायचा काचेच्या ग्लासात. घरच्यांचा आणि पाहुण्यांचा कपबशीत. धम्माला हे दिसायचं. पण जे रोज दिसतं, त्याच्याकडे माणूस रोज बघत नाही.

त्या भिंतीपाशीच त्याला अर्पिता भेटली. सदाशिवरावांची नात, गोविंदा आणि बेबीताईची मुलगी, सहा-सात वर्षांची. हिरवा फ्रॉक, एका वेणीला रिबीन, दुसरी वेणी मोकळी. दुसरी रिबीन बांधायला गेलं की ती घर डोक्यावर घ्यायची. शिडीच्या पायाशी येऊन ती उभी राहायची आणि ब्रशकडे बघायची. धम्मा काही बोलला, तर उत्तर नाही. तिच्या बोलण्याचं एकच ठाणं होतं, आकाशवाणी. सकाळी रेडिओवर जे ऐकायचं, ते दिवसभर त्याच आवाजात परत करायचं.

"हवामान कोरडे राहील," ती शिडीखालून सांगायची.

"बरं झालं, बाई," धम्मा वरून म्हणायचा. "रंग वाळन."

धम्मा घरी गेला, की ती भिंतीचा कोपरा नखाने खरवडत बसायची. नवा रंग उकरून खालचा गेल्या वर्षीचा, त्याखालचा त्याच्या आधीच्या वर्षीचा. एकदा तिने एका कंपनीच्या बोंडातून दुसऱ्या कंपनीचं पान बाहेर काढलं. धम्मा हसला. "पोट्टी पोलिसात जाईन," म्हणाला आणि त्या कोपऱ्यावर पुन्हा एक पांढरा हात मारला.

घरात पाहुणे आले, की अर्पिताला आतल्या खोलीत बसवून दाराला कडी लावायचे. त्याला कारण होतं. अर्पिताच्या आत्याला बघायला एकदा माणसं आली होती. त्यातल्या सगळ्यांत जाड गृहस्थांपुढे उभी राहून अर्पिताने खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता." ते स्थळ परत आलं नाही. तेव्हापासून कडी. बेबीताई पाहुण्यांना पोहे द्यायची आणि तिचा कान त्या कडीकडे असायचा.

मग खेमसिंग सर आले. पुसदकडच्या तांड्यावरचे. शाळाशाळांतून फिरून वेगळ्या मुलांना शिकवणारे. मोटारसायकलवर एवढी खेळणी बांधलेली, की लोक त्यांना फुगेवाला समजून थांबवायचे. त्यांनी अर्पिताला बघितलं, बेबीताईशी ओट्यावर बोलले.

"पोरगी मुकी नाही, वेडीही नाही," ते म्हणाले. "स्वमग्न म्हणतात याला. आपल्याला जे बघून-बघून कळतं, ते तिला कोणी पान पान करून दाखवावं लागते. चित्रांची गोष्ट करू. तिच्यासारखी पोरगी, तिच्या घरासारखं घर. पाहुणे आले की काय होते, मग काय करतात, एवढंच."

"अन् मंग ते बाहेर बसन?" बेबीताईने विचारलं. "समद्यायसंग?"

"बसेल."

"मंग काढा, सर. मले दुसरं काई नाई पायजे. कडी काढाची हे फक्त."

चित्रं काढायला धम्मा होताच. तो शिडीवरून उतरला आणि त्याने मोठ्या हौसेने पहिली गोष्ट रंगवली. सरांनी बघितली.

"धम्माभाऊ, हिला इतके दात कायले?"

"खुश हे ना ते."

"बियाण्याची पिशवी मिळाल्यासारखी खुश आहे. अन् हे गाल?"

"गुलाबी."

"आपल्याकडं कोणाचे आहेत?"

अर्पितानेही ती गोष्ट नापास केली. पहिलं पान बघितलं आणि उलटं करून ठेवलं. चित्रातल्या मुलीच्या दोन्ही वेण्यांना रिबिनी होत्या. धम्माने पुन्हा काढलं. दात कमी केले, गाल पुसले, एक रिबीन सोडली. तरी पान उलटं. तिच्या फ्रॉकचं वरचं बटन तुटलेलं होतं, चित्रात ते शाबूत होतं. धम्मा आयुष्यात पहिल्यांदा न दिसणारं बटन काढायला बसला. तिसऱ्या खेपेला अर्पिताने पानावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, मग पुन्हा पानावर. बेबीताई पदर तोंडाला लावून आत गेली.

गोष्ट अशी होती. आमच्या घरी पाहुणे येतात. मी दारात जाते. मी हात जोडते आणि म्हणते, "जय भीम". मी पाणी देते. मी आईजवळ बसते. पाहुणे बोलतात, मी ऐकते. मग ते जातात.

ते दोन शब्द धम्माने विचार करून लिहिले नव्हते. चित्रात दार काढलं, दारात पाहुणा काढला, हात जोडलेली मुलगी काढली, आणि तिच्या तोंडापुढे त्याच्या हाताने आपसूक तेच लिहिलं, जे त्याच्या घरी बापाच्या वेळेपासून दारात म्हटलं जात होतं. पाण्याला निळा रंग देताना कोणी विचार करतं का? सरांनी वाचलं आणि त्यांना वाटलं, घरच्यांना विचारून घेतलं असेल. बेबीताईने वाचलं. ती थांबली. मग तिने पान उलटलं. पोरगी काहीतरी बोलणार होती. काय बोलणार, हे बघायची तिची ऐपत राहिली नव्हती.

आणि सराव कोणाबरोबर व्हायचा? धम्माबरोबरच. तोच रोज येणारा पाहुणा. पान उघडायचं, दारात जायचं, हात जोडायचे. कित्येक दिवस नुसते हात जोडले गेले. मग एका दुपारी अर्पिताने त्याच्या कानाच्या पाळीकडे बघत, रेडिओच्या आवाजात नाही, अगदी स्वतःच्या बारीक, किंचित घोगऱ्या आवाजात म्हटलं, "जय भीम."

धम्माने तोपर्यंत हजारदा ऐकलेला तो शब्द. पण त्याच्या हातातला डबा कलंडला आणि सदाशिवरावांच्या पायरीवर निळा ओघळ गेला.

"जय भीम, बाई," तो म्हणाला. "जय भीम."

तिने पाणी आणून दिलं.

खेमसिंग सर म्हणाले, पानांना प्लास्टिक चढवून आणतो, म्हणजे टिकतील. पण त्याच आठवड्यात सरकारने मास्तरलोकांना घरोघरच्या पाहणीला जुंपलं. कोणाकडे किती खचलेले, ते लिहून आणायला. सर गेले ते गेलेच. प्लास्टिक राहिलं. पुढे धम्माला वाटायचं, तेवढं प्लास्टिक चढलं असतं तर आपला ब्रश त्यावर बसलाच नसता.

मग आत्यासाठी वणीकडचं स्थळ आलं. धम्मा त्या दिवशी मागच्या भिंतीवर 'खचू नका' ताजं करत होता. खिडकी उघडी होती. बेबीताईने कडी लावली नव्हती. सासऱ्यांना तिने सकाळीच सांगितलं होतं, "मामाजी, आज ते बाहेर बसन. शिकली हे ते."

पाहुणे बसले. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, उन्हाची चौकशी झाली. मग बारीक पावलं. मग तो आवाज.

"जय भीम."

शिडीवर धम्माचा ब्रश थांबला. त्याला क्षणभर असं वाटलं, की आयुष्यभर लिहिलेल्या अक्षरांतलं हे पहिलंच उभं राहून चालायला लागलं आहे. आत मात्र कोणी बोलेना. पेला ठेवल्याचा आवाज आला. ती पाणी देत होती, गोष्टीतल्यासारखं, एकेकाला.

"कोनाची पोट्टी हे?" एका पाहुण्याने विचारलं.

 मग सदाशिवराव म्हणाले, "शेजारची हे."

धम्माने ब्रश डब्यात टाकला. खिडकीतून त्याला स्वयंपाकघराच्या दारातली बेबीताई दिसली. पोह्यांची ताटली तिच्या हातात तशीच होती. अर्पिता जाऊन तिच्याजवळ बसली. कारण पुढचं पान तसंच होतं.

स्थळ जमलं. साखरपुडा ठरला. दुसऱ्या दिवशी सदाशिवरावांनी धम्माला बोलावणं पाठवलं. तो गेला, पायरीवर बसायला लागला, तर ते म्हणाले, "वरते बस ना पेंटर, खुर्चीवर."

तो बसला. आतून चहा आला. कपबशीत.

पांढरी बशी, काठाला सोनेरी रेघ. धम्माने कप उचलला तेव्हा तो बशीवर किणकिणला. तो आवाज त्याला पुढे फार दिवस ऐकू येत राहिला.

"पोरीले तू बोलतं केलं," सदाशिवराव म्हणाले. "आमच्या घरावर उपकार हे तुये. मले काई नाई बावा, कोनी काई म्हनो. पन साखरपुड्याले पाचपन्नास लोक येईन. मले तिले मांडीवर घेऊन बसाचं हे. 'माही नात' म्हनून. काल जे म्हटलं ना मी..."  बंडीच्या खिशात त्यांनी काहीतरी शोधलं, सापडलं नाही. "तेवढा शब्द बदलून दे. राम राम कर. तुया हातचं काम हे. किती वेळ लागते?"

धम्माने चहाचा घोट घेतला. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंडात सोनेरी काठाच्या कपातला चहा होता. शिवाय म्हाताऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. एका शब्दाने पोरगी मांडीवर बसणार असेल, तर शब्दाला काय करायचं? त्याने सरांना विचारायचं ठरवलं. पण सर पाहणीत कुठल्या गावी होते, कोणालाच माहीत नव्हतं.

"पाच मिनटं," धम्मा म्हणाला.

बेबीताई दारात उभी होती. 

त्याने पान घेतलं, बारीक ब्रश काढला आणि मुलीच्या तोंडापुढे एक पांढरा हात मारला. वाळू दिला. वर सुंदर अक्षरात लिहिलं, "राम राम". इतकं बेमालूम, की स्वतःलाही जोड दिसेना. सदाशिवरावांनी चष्मा लावून बघितलं. "वा," ते म्हणाले.

घरी त्याने दीपमालाला सगळं सांगितलं. कपबशीचंही सांगितलं, जरा आधीच सांगितलं. ती भाकर थापत होती.

"म्हंजे कपात चाय भेटला अन् तुमी शब्द पुसून आले."

"पोरीसाठी केलं मी."

"पोरीनं सांगतलं होतं का?"

धम्माने भाकर तोडली. 

दुसऱ्या दिवशी तो सरावाला गेला. अर्पिताने पान उघडलं आणि तिचं बोट थांबलं. तिने पान जवळ नेलं, लांब नेलं, दाराबाहेर उन्हात नेलं. मग ओट्यावर बसून नखाने खरवडायला लागली. 'राम' निघाला, पांढरा निघाला. खाली भिंत नव्हती, कागद होता, आणि त्याच्यावर जे होतं तेही नखाबरोबर निघालं. मुलीच्या तोंडापुढे भोक पडलं. अर्पिताने त्या भोकातून पलीकडे बघितलं. पलीकडे धम्मा होता.

ती रडली नाही. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. तिने पानं नीट जुळवली आणि ती आतल्या खोलीत गेली. यावेळी कडी लावायला कोणी नव्हतं. दार तिने स्वतः लोटून घेतलं.

साखरपुड्याला सदाशिवरावांनी आत जाऊन तिला बोलावलं. गूळ दाखवला, नवा फ्रॉक दाखवला. "माही नात हे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं. पण दाखवायला नात बाहेर आली नाही. बंद दाराआडून मात्र स्वच्छ आवाज आला, "हवामान कोरडे राहील."

धम्माने ते पान नव्याने काढलं. तसंच दार, तसाच पाहुणा, तुटकं बटन, 'जय भीम' जिथल्या तिथे. या खेपेला सदाशिवराव स्वतः म्हणाले, "जे होतं तेच लिव्ह." अर्पिताने बघितलं आणि पान उलटं ठेवलं. त्याने पुन्हा काढलं. पुन्हा उलटं. एकदा पुसला गेलेला शब्द उद्या परत पुसला जाणार नाही, हे तिला कोणत्या चित्रात काढून दाखवायचं, ते त्याला येत नव्हतं.

पाहणी संपवून खेमसिंग सर परतले. त्यांनी भोकाचं पान बघितलं आणि बराच वेळ मोटारसायकलचा आरसाच पुसत राहिले. "माझंच चुकलं," म्हणाले. "पानाला हात लावायचा नसते, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही." धम्माला वाटलं, सरांनी शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

बेबीताईने मात्र एकदा सांगितलंच. ओट्यावर तूर पाखडत होती, सुपावरची नजर न काढता बोलली.

"तुमी तं नाई म्हनू शकत होते, पेंटरभाऊ."

"तुमीबी होत्या ना ताई तिथं."

"मी या घरची सून हावो," ती म्हणाली. "तुमच्यावर कोनाचं काय ओझं होतं?"

त्याच्यावर एका कपबशीचं होतं. ते त्याने सांगितलं नाही.

नंतर धम्माने सरांसाठी पुष्कळ गोष्टी काढल्या. बसमध्ये कसं बसायचं, कटिंगला गेल्यावर कैचीला का भ्यायचं नाही, दुसऱ्याचा डबा विचारून उघडायचा. पुसद, वणी, राजूर, कुठकुठल्या मुलांनी त्या बोटं फिरवून मऊ केल्या. प्रत्येक गोष्टीत दारातल्या मुलाच्या तोंडापुढची जागा तो कोरी ठेवायचा. "तुमच्या घरी काय म्हनतात ते तुमच्या हातानं लिहा," आईबापांना सांगायचा. "अन् एकदा लिहलं की मंग देव आला तरी पुसू नोका." आईबाप हसायचे. पेंटर विनोदी माणूस आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

सदाशिवरावांच्या भिंतीचं काम त्याने दुसऱ्या पेंटरला दिलं. त्या पेंटरचं बोंड बटाट्यासारखं यायचं. तरी दिलं.

काही वर्षांनी म्हातारे आजारी पडले, तेव्हा मात्र तो भेटायला गेला. दारात अर्पिता आली. उंच झाली होती. एका वेणीला रिबीन तशीच. त्याला बघून ती उंबऱ्यात थांबली, हात जोडले आणि तशीच उभी राहिली, तोंड मिटून. आतून बेबीताई हळू आवाजात म्हणाली, "समद्यायपुढं असंच करते भाऊ. जरासं थांबते अन् मंग पानी देते. थांबा, देईन."

धम्माला कळलं, ती का थांबली होती. बाकीची पानं तिच्याकडे शाबूत होती. मधल्या एका पानाएवढा वेळ ती तिथे, भोकापाशी, उभी राहत होती. तो शब्द म्हणायला जेवढा लागायचा तेवढाच.

"जय भीम," धम्मा त्या जागेत हळूच म्हणाला.

तिने त्याच्या कानाच्या पाळीकडे बघितलं, वळली, आणि घरातल्या सगळ्यांना देते त्याच पेल्यात पाणी घेऊन आली. तो उभ्यानेच सगळं पाणी प्यायला.